वुलनगाँगची मेरी आणि पुण्याची काशीबाई

अंदमानचा विषय निघाला की महाराष्ट्रात वाद ठरलेला असतो: सेल्युलर जेलमध्ये कोणी किती सोसले आणि कोणाच्या अर्जात काय लिहिले होते. ऑस्ट्रेलियातील वुलनगाँगमध्ये राहून मी हा वाद दरवर्षी वाचते. राजबंद्यांच्या यातना खऱ्याच आहेत, पण हा तुरुंग बांधून झाला १९०६ मध्ये. त्याआधी जवळजवळ अर्धशतक तिथे साधे कैदी जात होते, त्यांत बायकाही होत्या, आणि त्यांच्याविषयी आपण वाद तर सोडाच, बोलतही नाही.

इथे कैद्यांपैकी ज्या बाईचे नाव अभिमानाने निघते ती मेरी वेड. लंडनच्या रस्त्यांवर भीक मागणाऱ्या या मुलीने आणखी एका मुलीच्या साथीने आठ वर्षांच्या पोरीचे कपडे काढून घेतले आणि त्यातला झगा गहाण टाकला. त्यासाठी १७८९ च्या जानेवारीत तिला फाशी सुनावली गेली, तेव्हा ती अजून लहान मुलगीच होती. पुढे फाशीऐवजी हद्दपारी झाली आणि 'लेडी ज्युलियाना' या केवळ स्त्री-कैद्यांच्या जहाजातून, दहा महिन्यांहून अधिक प्रवासानंतर, ती जून १७९० मध्ये सिडनीला उतरली. तिथून तिला नॉरफोक बेटावर धाडले गेले. आईबाप साता समुद्रांपलीकडे, आणि ज्यांच्यात ती वाढली ती बहुतेक माणसे शिक्षा भोगणारी. पुढे तिने ज्यांच्याबरोबर संसार मांडले ते दोघेही कैदी म्हणूनच आलेले होते. पहिला देवमाशांच्या शिकारीला गेला तो परतलाच नाही. दुसरा, जोनाथन ब्रूकर, याच्याबरोबर तिने शेती केली, वणव्यात घर जळाल्यावर पुन्हा उभे केले, आणि अखेरीस या भागात येऊन १८५९ मध्ये देह ठेवला. तिला २१ मुले झाली, त्यांतल्या सातांचाच वंश पुढे वाढला, तरी ती गेली तेव्हा हयात वंशज तीनशेहून अधिक होते. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केविन रड याच वंशातले.

हा अभिमान इथल्यांनाही सहज साधलेला नाही. कैद्याचा वंश ही कित्येक पिढ्या लपवण्याची गोष्ट होती. शिवाय ब्रूकर दांपत्याची शेती ज्या भूमीवर झाली ती मुळात आदिवासींची होती, हे विसरून मेरीचे कौतुक करणे मला अर्धवट वाटते.

मेरी वारली त्याच्या आदल्याच वर्षी इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू केली. पुण्यात स्वयंपाक करून पोट भरणारी काशीबाई ही तरुण ब्राह्मण विधवा, फसवणुकीतून झालेले मूल मारल्याबद्दल काळ्या पाण्यावर गेली असे फुले-चरित्रांत येते. त्याच घटनेने हेलावून जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. पुढे तिथे आलेल्या दुसऱ्या एका विधवेचा (तिचेही नाव काशीबाईच) मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. गृह आपण लक्षात ठेवले, यशवंतही ठेवला. ती पहिली काशीबाई मात्र बोटीत चढली आणि मराठी आठवणीतून उतरली.

अंदमानात काही वर्षांची शिक्षा भोगल्यावर स्त्री-कैद्यांना तिथल्याच कैद्यांशी लग्न करता येई. बंगाली, पंजाबी, मराठी, हिंदू, मुसलमान अशी माणसे तिथे एकत्र आली, जातीबाहेर, धर्माबाहेर घरे थाटली गेली, आणि त्यांच्या वंशजांना आजही 'लोकल बॉर्न' म्हणतात. आपल्याकडे आंतरजातीय लग्नावरून आजही माणसे मारली जातात, आणि ज्यांना आपणच टाकून दिले होते त्यांनी तिथे ते कधीच करून दाखवले, याचा मला मनापासून आदर वाटतो.

मुंबईच्या पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याच्या न्याय खात्याची दप्तरे आहेत. एखाद्या विद्यापीठाने त्यांतून काळ्या पाण्यावर धाडलेल्या बायकांची नावे, गावे आणि गुन्हे मराठीत छापावेत, आणि शाळेच्या पुस्तकात बालहत्याप्रतिबंधक गृहाचा धडा येतो तिथे काशीबाईचे नाव पहिल्या ओळीत यावे, एवढी माझी मागणी आहे.