मोझांबिकच्या कर्जावर सह्या कुणाच्या होत्या?

एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतोय. मला तो तीन जणांकडून आला. थोडक्यात तो असा: ‘पोर्तुगीज होते तोवर मोझांबिकचा कारभार चोख होता. स्वातंत्र्य मिळालं आणि देश बुडाला. लाचखोरी या लोकांच्या रक्तातच आहे. जगाने दिलेले पैसे यांनी खाल्ले, आणि जाब विचारायची कुणाची छाती नाही.’ पाठवणारी माणसं माझ्या जवळची आहेत, शिकलेली आहेत. म्हणूनच वाचून सोडून देणं मला जमलं नाही.

आधी तो चोख कारभार बघू. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे, त्यामुळे पाकल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, राज्य कसं असतं हे गोव्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिकडे ‘शिबालो’ होता, म्हणजे सक्तीची मजुरी, आणि ती थेट १९६० च्या दशकाच्या तोंडापर्यंत चालली. शेतकऱ्याने कपाशी लावायचीच, आणि ती नेमून दिलेल्या कंपनीलाच ठरलेल्या भावात द्यायची. दक्षिणेकडचे पुरुष शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत, ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणीत जात. त्यांच्या मजुरीचा एक हिस्सा राखून ठेवला जाई आणि तो पोर्तुगालला सोन्याच्या रूपात, ठरलेल्या स्वस्त दराने मिळे. ते सोनं बाजारभावाने विकून वरचा नफा सरकार ठेवी. मजूर गावी परतला की त्याच्या हातावर स्थानिक चलन पडे. खाणीत छाती ज्याची पोखरली, त्याच्या घरी त्यातलं सोनं कधी गेलं नाही. २५ जून १९७५ ला झेंडा बदलला तेव्हा शंभरातल्या नव्वदांहून अधिक माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

पुढे १९७७ ते १९९२ अशी यादवी झाली. बंडखोरांना आधी ऱ्होडेशियाने, म्हणजे आजच्या झिंबाब्वेने, उभं केलं, मग वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने पोसलं. देश बुडाल्याचा हिशेब मांडताना ही पंधरा वर्षं गाळणं खोटेपणाचं आहे.

आता रक्ताची गोष्ट. २०१३ आणि २०१४ मध्ये मोझांबिकच्या तीन सरकारी कंपन्यांनी मिळून सुमारे २ अब्ज डॉलरचं कर्ज उचललं. कारण दिलं गेलं किनाऱ्याच्या टेहळणीचं, ट्यूना मासेमारीचं आणि बोटींच्या दुरुस्तीचं. अर्थमंत्री मानुएल चांग यांनी सरकारी हमीवर सह्या केल्या. संसदेला विचारलंच नाही. कर्ज दिलं स्वित्झर्लंडच्या क्रेडिट सुईसने आणि रशियाच्या व्हीटीबी बँकेने. बोटींचं कंत्राट प्रिव्हिनव्हेस्ट या परदेशी जहाजबांधणी समूहाकडे गेलं. मासेमारीच्या बोटी फ्रान्समध्ये शेर्बूरला बांधल्या गेल्या, राजधानी मापुतोच्या बंदरात आल्या आणि धक्क्यालाच गंजत राहिल्या. २०१७ च्या लेखापरीक्षणात सुमारे ५० कोटी डॉलर कुठे गेले याचा पत्ताच लागला नाही.

लाच घेणारे मंत्री आणि अधिकारी मोझांबिकचेच होते, यात वाद नाही. पण त्याच व्यवहारात क्रेडिट सुईसच्या तिघा बँकरांनी अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि त्यांतल्या एकाने तब्बल ४.५ कोटी डॉलर घेतल्याचं मान्य केलं. २०२१ मध्ये खुद्द बँकेने अमेरिका आणि ब्रिटनच्या यंत्रणांशी ४७.५ कोटी डॉलरची तडजोड केली. लंडनच्या उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये प्रिव्हिनव्हेस्टविरुद्ध मोझांबिकच्या बाजूने निकाल दिला. मग रक्त कुणाकुणाचं तपासायचं? झुरिचच्या बँकेत, लंडनच्या कचेरीत बसून पैसे खाल्ले की त्याला घोटाळा म्हणायचं आणि मापुतोत खाल्ले की वंश काढायचा, हा न्याय मला पटत नाही.

‘जगाने दिलेले पैसे’ हेही चूक. हे दान नव्हतं, व्याजाचं कर्ज होतं. २०१६ मध्ये ते उघड झालं तेव्हा नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी मदत रोखली, मेटिकाल हे तिथलं चलन कोसळलं. मापुतोच्या सेंत्रो द इंतेग्रिदाद पुब्लिका या संस्थेने नॉर्वेतल्या एका संशोधन संस्थेसोबत २०२१ मध्ये हिशेब मांडला: देशाचं नुकसान किमान ११ अब्ज डॉलर, आणि सुमारे २० लाख माणसं दारिद्र्यात ढकलली गेली. यांतल्या कुणीही कसल्याच कागदावर सही केलेली नव्हती.

आणि छाती नाही म्हणता? कार्लोस कार्दोझो हे ‘मेटिकाल’ नावाचं छोटं वार्तापत्र काढत, फॅक्सने वर्गणीदारांकडे जाणारं. एका बँकेतल्या अफरातफरीचा त्यांनी पिच्छा पुरवला. २२ नोव्हेंबर २००० ला मापुतोच्या रस्त्यावर त्यांना गोळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी, बुडालेल्या दुसऱ्या एका बँकेची कर्जं वसूल करायला नेमलेले अंतोनियो सिबा-सिबा माकुआकुआ यांना त्याच बँकेच्या इमारतीत जिन्याच्या पोकळीतून खाली फेकून मारलं. ही नावं माहीत असती तर ते वाक्य लिहायला कुणाचा हात धजावला नसता.

चांग २०१८ च्या डिसेंबरात जोहान्सबर्गच्या विमानतळावर पकडले गेले आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांना साडेआठ वर्षांची शिक्षा सुनावली. पण निकाल फक्त परदेशात लागले असं नाही. मापुतोत १९ आरोपींचा खटला तुरुंगाच्या आवारात तंबू ठोकून चालला, टीव्हीवरून थेट दाखवला गेला, आणि माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा एंदांबी गेबुझा याला डिसेंबर २०२२ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. हे पुरेसं नाही, मला मान्य आहे. १९७५ पासून फ्रेलिमो हाच पक्ष सत्तेत आहे आणि बडे मासे अजून सुटतात. तरीही सत्तेतल्या पक्षाच्या बड्या नेत्याच्या पोराला आत टाकणारे खटले किती देशांत होतात, हे ज्याने त्याने मोजावं.

तिथल्या घटनात्मक परिषदेने २०१९ आणि २०२० मध्ये या कर्जांच्या हमी रद्दबातल ठरवल्या. त्यासाठी अर्ज केले होते नागरिकांनी, सह्या गोळा करून. तरीही सरकारने ट्यूनाच्या कर्जरोख्यांऐवजी २०३१ पर्यंतचे नवे रोखे काढले. त्या मोहिमेतली माणसं अंगात जो टी-शर्ट घालून फिरत, त्याच्यावर पोर्तुगीजमध्ये एवढंच छापलेलं असे: ‘छुपी कर्जं मी फेडणार नाही.’