थिमेटची आतडी आणि रात्रीचा बल्ब

‘परसातल्या कोंबड्या-बदकं राखायची रामबाण गुपितं’ नावाचा मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. काल तो मामेबहिणीने पुढे पाठवला आणि खाली विचारलं, “दादा, थिमेट किती घालायचं?” म्हणून हा खटाटोप. गुपितं अशी: कोंबडीच्या आतड्यांत थिमेट घालून कुंपणाशी टाका, मुंगूस संपतं. रात्रभर बल्ब लावा, मुंगूस फिरकत नाही. कोंबडीजाळी मारली की खुराडं पक्कं. बदकं असली की साप येत नाही. आणि गावरान कोंबडीला लस लागत नाही, हळद-लसूण पुरे.

आधी थिमेट, कारण बाकीच्या गुपितांनी फार तर कोंबड्या जातील, याने माणूस जाऊ शकतो.

थिमेट म्हणजे फोरेट, पिकावरच्या किडीसाठीचं जहाल विष. २०१८च्या केंद्र सरकारच्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्यावर देशभर बंदी आहे. तरी कोणाच्या माळ्यावर जुनी पिशवी निघतेच. ते येतं दाणेदार. कोंबडीला दात नाहीत, खाल्लेलं दळायला ती दिवसभर बारीक खडे टिपून गिळते. थिमेटचा दाणा तिच्या लेखी असाच एक खडा. तुम्ही आतडी ठेवता कुंपणाशी, ती ओढतो कावळा, दाणे सांडतात अंगणात, आणि पहिली मरते तुमचीच तलंग. पक्ष्यांना हे विष फार थोडं पुरतं. तिच्या तोंडाला लाळ येते, पाय झटकते, मान टाकते. बघणाऱ्याला ती कोंबड्यांची साथ वाटते, तो म्हणतो, “मानमोडी आली, मरायच्या आत कापा.” आणि ती कोंबडी चुलीवर चढते! मेसेज लिहिणाऱ्याने इथवर विचार केलाच नाही. शिवाय हे विष कातडीतून अंगात जातं, त्यामुळे उघड्या हाताने दाणे कालवणाराही सुटत नाही. घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या दिसल्या तर मिठाचं पाणी पाजत बसू नका. कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि पिशवी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

कायद्याचं बोलायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २(१६) काढून वाचा. शिकारीच्या व्याख्येतच विष घालणं आहे, तसा प्रयत्न करणंसुद्धा. मुंगूस, रानमांजर, उदमांजर तिन्ही या कायद्याने संरक्षित आहेत. ‘माझ्या परसात आलं होतं’ ही सबब त्यात चालत नाही.

मुंगूस निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आत शिरायला मिळालं तर ते खाईल त्याहून जास्त मारून ठेवतं, हे खरंच आहे. पण एक मारलं तर मोकळ्या जागेत दुसरं येतं. भोक बुजवलं नसेल तर तेही त्याच भोकातून येणार.

आता बल्ब. मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे. रात्री ते बिळात झोपलेलं असतं, म्हणून बल्ब लावल्यावर ‘आलं नाही’. लावला नसता तरी आलं नसतं! रात्री येतात उदमांजर, रानमांजर, घूस, साप, कुत्री. उजेडाला किडे जमतात, किड्यांमागे बेडूक आणि पाली, आणि त्यांच्यामागे साप. म्हणजे बिल भरून सापाला वाट दाखवायची.

कोंबडीजाळीचं नावच नीट ऐका. ती षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला आहे, बाकीच्यांना बाहेर ठेवायला नाही. तार बारीक, पावसाळ्यात गंजते, कुत्रं दातांनी फाडतं. भोकातून लहान साप आरामात जातो. रानमांजर पंजा आत घालून जाळीला टेकून झोपलेला पक्षी ओढतं. डोकं नसलेली कोंबडी आतच सापडली तर बहुतेक हेच झालेलं असतं. रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी, लावा, छतालासुद्धा, कारण उदमांजर चढतं. खालचा दीड फूट भरीव हवा, विटा किंवा पत्रा. कोंबडी दांड्यावर बसते, पण बदक जमिनीवर झोपतं, त्यामुळे जाळीला टेकणारं तेच असतं. दांडाही जाळीपासून फूटभर आत घ्या. कुत्रं आणि मुंगूस उकरतात, ते भिंतीच्या अगदी बुडाशी. म्हणून तिथून बाहेरच्या बाजूला दीड फुटाची जाळी जमिनीत दोन-तीन इंचांवर आडवी पसरून माती ओढायची. खणणारा तिथेच अडतो, मागे सरकून खणायचं त्याला सुचत नाही. दाराखालची फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, उंबरा सिमेंटचा करा आणि कडी-कोयंड्यात खिळा घाला. हे सगळं करून संध्याकाळी दार लावायला विसरलात तर सगळं फुकट. दिवे लागणीला मोजणी करूनच कडी घालायची.

नायलॉनची मासेमारीची जुनी जाळी घारीसाठी वरून ताणायला ठीक. जमिनीलगत लावू नका, त्यात साप अडकून मरतात. जिवंत अडकलेला दिसला तर सर्पमित्राला बोलवा, नाहीतर वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.

बदकं आणि साप: बदक गोगलगायी खातं, एखादं सापाचं पिल्लूही गिळेल. पण नागाला बदकाची अंडी आवडतात आणि अजगराला बदकच. टर्की, गिनी फाऊल साप दिसला की कल्ला करतात, एवढं अर्धसत्य मान्य. त्यांनी ओरडायचं, पण काठी घेऊन कोणीतरी उठायला तर हवं. बदकांपुरतं खरं गुपित वेगळंच आहे: बदक पहाटेच्या सुमारास अंडं घालतं, म्हणून आठ-नऊपर्यंत सोडू नका. सहाला सोडलीत की अंडी गवतात पडतात आणि कावळ्यांची चंगळ होते.

राहिली लस. गावरान कोंबडी उन्हाला आणि अर्धपोटी राहण्याला काटक, कबूल. मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, ती काटकपणा दाखवत नाही. आठवडाभरात आळीच्या आळी रिकामी होते. हळदीने विषाणू मरत नाही, आणि आजार आल्यावर लस टोचूनही उपयोग नाही. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या आठवड्यात आरटूबी अर्धा मिली कातडीखाली. आरटूबी जहाल लस आहे, लहान पिल्लांना देऊ नका, पाय लुळे पडतात. कुपी बर्फात आणायची, कालवल्यावर दोन तासांत संपवायची. अडचण एकच आणि ती खरी आहे: कुपी शंभर-शंभर मात्रांची, घरात कोंबड्या बारा. मग आळीतल्या आठ-दहा घरांनी एक सकाळ ठरवायची आणि त्या दिवशी कोंबड्या सोडण्याआधीच, खुराड्यात हाताला लागतात तेव्हा, टोचून घ्यायच्या.