मोबाईल चोरून ऐकतो म्हणे! खरी गळती बिलाच्या काउंटरवर आहे

गेले काही महिने सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, शाळेच्या ग्रुपवर एकच मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: मोबाईलजवळ बोललेलं सगळं कंपन्या ऐकतात, आज फ्रिजबद्दल बोला, संध्याकाळी फ्रिजची जाहिरात येते की नाही बघा, अ‍ॅपलने तर हे कबूल करून दंड भरलाय, मायक्रोफोन बंद करा म्हणजे तुम्ही सुरक्षित.

इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंनी हा मजकूर इतका मनावर घेतला की घरात पैशांचं बोलणं निघालं की त्या फोन टॉवेलमध्ये गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेवतात. तेवढंच असतं तर मी काही लिहिलं नसतं. पण मागच्या महिन्यात त्या दवाखान्यात एकट्या गेल्या आणि फोन मुद्दाम घरी ठेवून गेल्या. साठीच्या बाईला चक्कर आली असती तर कोणाला कळवणार होतं कोण? मी नाशिकमधल्या दुकानदारांच्या जाहिराती फेसबुक-इन्स्टाग्रामवर चालवते, हेच माझं पोट आहे. त्यामुळे या मजकुराला उत्तर देणं मला माझं काम वाटतं.

पहिला मुद्दा, बोललं की जाहिरात येते. जाऊबाईंच्या मनात हे पक्कं बसलं ते पैठणीमुळे. पुतणीचं लग्न ठरलंय. रविवारी चहाच्या वेळी पैठणीच्या रंगावरून घरात तासभर खल झाला आणि रात्री त्यांच्या इन्स्टाग्रामवर पैठण्यांची रांग लागली. "बघ, ऐकलंच ना त्याने?"

मी म्हटलं, "ताई, शनिवारी कुठे होतात तुम्ही?" येवल्याला. फोन पर्समध्ये, लोकेशन चालू. परत आल्यावर पुतणीने घरच्या वायफायवर मध्यरात्रीपर्यंत पैठण्यांच्या वेबसाइट पालथ्या घातल्या. अशा बहुतेक वेबसाइटवर मेटाचा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीचा, कोडचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो. कोण आलं, काय बघितलं, ते तो मेटाला कळवतो. आणि ज्या दुकानात त्यांनी दोन साड्या बाजूला काढून ठेवल्या, तिथली पावती मी स्वतः बघितली. नाव, मोबाईल नंबर, आणि खाली निळ्या शाईने लग्नाची तारीख. तारीख दुकानदाराने आपुलकीने विचारली होती, यांनीही आपुलकीने सांगितली होती.

त्या नंबरांचं पुढे काय होतं, ते मला माहीत आहे, कारण ते मीच करते. दुकानदार वर्षभराच्या बिलांवरचे नंबर एक्सेलमध्ये भरून पाठवतो. मी ती फाइल जाहिरातीच्या पानावर चढवते. चढताना नंबरांचे सांकेतिक अक्षरांत रूपांतर होतं, मेटा ते आपल्याकडच्या खात्यांशी ताडून बघते, आणि जुळलेली माणसं जाहिरातीसाठी तयार होतात. पुढचं बटण आणखी मोठं आहे: 'यांच्यासारखेच दुसरे' शोधून द्या. मग नकाशावर कॉलेज रोडवर टाचणी टोचायची, भोवती काही किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, वय आणि स्त्री-पुरुष निवडायचं. एवढ्या सगळ्यात 'लोक काय बोलले' असा रकाना मला आजवर कुठेच दिसलेला नाही. जाऊबाईंपर्यंत पैठणी यातल्या नेमक्या कोणत्या वाटेने पोचली ते सांगता येणार नाही, पण वाटा तीन होत्या आणि तिन्ही उघड्या होत्या.

शिवाय कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हेही आहेच. दिवसभरात शेकडो जाहिराती अंगठ्याखालून जातात. जुळलेली एक लक्षात राहते, न जुळलेल्या सगळ्या वाहून जातात. मी घरात आठ दिवस घोड्याच्या खोगिराबद्दल मोठमोठ्याने बोलले, कुठेही टाइप मात्र केलं नाही. खोगिराची एकही जाहिरात आली नाही. एका घरातला प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. पण फ्रिजचा प्रयोग तरी काय वेगळा आहे? आणि फ्रिज तर उन्हाळ्यात सगळ्यांनाच दाखवतात.

दुसरा मुद्दा, फोन दिवसभर ऐकतो. साधा हिशोब करा. आवाज अगदी दाबून लहान केला, सेकंदाला १६ किलोबिट धरला, तरी तासाला साधारण ७ एमबी होतात. सोळा तासांचे ११५. रोज दीड जीबीच्या पॅकमधून इतका डेटा गेला तर सेटिंगमध्ये तो अ‍ॅपच्या नावासकट दिसेल. फोनमध्येच आवाजाचे शब्द करून पाठवले, असं कोणी म्हणेल. मग बॅटरी नेहमीपेक्षा लवकर मान टाकेल. 'हे गूगल' म्हटल्यावर फोन जागा होतो, कारण तेवढेच ठरलेले शब्द ओळखायला अगदी कमी बॅटरी खाणारी वेगळी सोय असते. आणि अँड्रॉइड १२ पासून माइक चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो. आयफोनवर २०२० पासून नारिंगी.

अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७,२६० अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच: काही अ‍ॅप वापरणाऱ्याच्या स्क्रीनची चित्रं आणि व्हिडिओ तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. लोक माइकवर बोट ठेवून बसले होते, आणि चोरी डोळ्यांसमोरच्या पडद्यावरून चालली होती.

तिसरा मुद्दा अ‍ॅपलचा. यात तथ्य आहे, पण मजकुरात ते मुरगाळून आलंय. सिरी, म्हणजे आयफोनमधली बोलून कामं सांगायची सोय, चुकून जागी व्हायची आणि त्या वेळचे आवाजाचे तुकडे दर्जा तपासण्यासाठी कंत्राटी माणसं ऐकत, हे २०१९ मध्ये बाहेर आलं आणि अ‍ॅपलने माफी मागितली. त्यावरच्या खटल्यात साडेनऊ कोटी डॉलरची तडजोड जानेवारी २०२५ मध्ये समोर आली. तो दंड नव्हे, आणि तडजोडीत कंपनीने चूक कबूल केलेली नाही. तरीही लोकांचं खासगी बोलणं परक्या माणसांनी ऐकलं ही गोष्ट गंभीरच आहे, आणि राग यावा अशीच आहे. त्याआधी, २०२३-२४ मध्ये, अमेरिकेतल्या कॉक्स मीडिया ग्रुप या माध्यम कंपनीने जाहिरातदारांना 'आम्ही संभाषण ऐकून ग्राहक शोधतो' अशा थाटाची विक्रीपत्रकं दाखवल्याचं पत्रकारांनी उघड केलं. कंपनीने पुढे हात झटकले, आणि ती सोय खरोखर चालत होती याचा पुरावा आलेला नाही. माल खपवायला विक्रेता काय काय बोलतो हे मला धंद्यामुळे माहीत आहे.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो: माइक बंद करा आणि सुरक्षित राहा. ही खोटी निश्चिंती आहे. माइक बंद करून माणूस एलईडी टीव्हीच्या सोडतीच्या कुपनावर नंबर, पत्ता, वाढदिवस लिहून डब्यात टाकतो. मेटाने १६ डिसेंबर २०२५ पासून आपल्या एआयशी होणाऱ्या गप्पा जाहिराती ठरवायला वापरायचं जाहीर केलं. त्या गप्पा बोलून केल्या तरी त्यात धरल्या जातात. म्हणजे आवाजाचा उपयोग होतो, पण तो आपण स्वतः बटण दाबून दिलेल्या आवाजाचा. गुडघेदुखीवर काय करू, असं रात्री एआयला विचारणाऱ्यांना हे कोणी सांगतंय का?

काउंटरवर नंबर देणं सक्तीचं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना तसं बजावलं आहे. त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कशासाठी माहिती घेतो ते सांगून संमती घेण्याची मुख्य कलमं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. मी तोवर थांबलेले नाही. फाइल आली की मी दुकानदाराला विचारते, या लोकांना सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर चढवत नाही. एक गिऱ्हाईक त्यामुळे गेलं.

जाऊबाईंच्या फोनवर आम्ही दोघी बसलो. सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात जाहिराती, आणि तिथला जाहिरात-आयडी काढून टाकला. लोकेशनची परवानगी 'अ‍ॅप वापरतानाच' एवढीच ठेवली. कोणकोणत्या अ‍ॅपला ती दिली होती त्याची यादी बघून त्या गप्प झाल्या. त्यात टॉर्चचं अ‍ॅपही होतं.

परवा मेन रोडला लग्नाची भांडी घेताना काउंटरवरच्या मुलाने कीबोर्डवर बोटं ठेवून विचारलं, "मोबाईल नंबर?" ताई म्हणाल्या, "नंबर नाही देत बाळा, बिल तसंच कर." त्याने एकदा वर बघितलं, दहा वेळा शून्य दाबलं, आणि बिल निघालं.