'आध्यात्मिक शरीर' म्हणजे शरीरच नाही का? एका कमेंटला उत्तर

तुमची कमेंट दोनदा वाचली. चिडून लिहिलीय, पण मुद्दा दमदार आहे म्हणून सावकाश उत्तर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात प्रेषित पौल स्वतःच मेलेले उठतील तेव्हाच्या शरीराला 'आध्यात्मिक शरीर' म्हणतो, वर मांस आणि रक्ताला देवाच्या राज्याचं वतन मिळत नाही असंही ठणकावतो, मग मी माझ्या पोस्टमध्ये लूकच्या शुभवर्तमानात पुन्हा उठलेल्या येशूने खाल्लेला तो भाजलेला मासा धरून शारीरिक पुनरुत्थानाचा, म्हणजे मेलेले शरीरासकट उठतात याचा, हट्ट कशाला करतोय.

आधी माझी चूक. पौलाचं पत्र इ.स. ५४च्या आसपासचं, लूक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि मी सुरुवातच माशापासून केली. मान्य.

पण 'आध्यात्मिक' या एका शब्दावर तुम्ही अख्खी इमारत उभी केलीय ना, तिथे गडबड आहे. ग्रीकमध्ये जोडी आहे 'सोमा प्सिखिकॉन' आणि 'सोमा न्यूमॅटिकॉन', यातलं सोमा म्हणजे शरीर, दोन्हीकडे तेच. प्सिखे म्हणजे जीव, प्राण, म्हणून आपल्या मराठी बायबलात पहिलं 'प्राणमय शरीर'; न्यूमा म्हणजे आत्मा, म्हणून दुसरं 'आध्यात्मिक शरीर'. आता दुसऱ्याचा अर्थ 'आत्म्याचं बनलेलं' असा घेतला तर पहिलं, म्हणजे तुमचं-माझं आत्ताचं शरीर, प्राणाचं बनलेलं म्हणावं लागेल, मग हाडंमांस गेली कुठे? अहो, डिझेल गाडी म्हटलं म्हणून गाडी काय डिझेलची बनलेली असते? ती कशावर चालते ते आपण सांगतो, तसंच शरीर कशावर चालतं ते पौल सांगतोय.

खरं तर आपल्या कानाचाही दोष आहे. गीतेतला जुने कपडे टाकून नवे घालण्याचा श्लोक डोक्यात इतका पक्का बसलाय की आत्मा आला की शरीर आपण आपोआप बाजूला काढून ठेवतो. पौलही कपड्यांचाच दाखला देतो पण उलटा, 'हे विनाशी' अविनाशीपण परिधान करतं म्हणतो. म्हणजे नवे कपडे शरीरच घालतंय, ते टाकून कोणी निघून जात नाहीये. आणि 'मांस व रक्त' हा ज्यू बोलण्यात मर्त्य माणसासाठीचा रुळलेला शब्दप्रयोग, त्याच वचनाच्या दुसऱ्या अर्ध्यात विनाशीपण हा शब्द आहे बघा.

तरी तुम्ही एकटे नाही हं. स्टोइक, म्हणजे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांचा एक पंथ, न्यूमा म्हणजे एक सूक्ष्म पदार्थच मानायचे, त्यावरून पौलाच्या मनात मांसाशिवायचं, तरल शरीर होतं असं म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि हे मला पूर्ण खोडता येत नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती विचारवंतांपैकी तिसऱ्या शतकातला ओरिजेन तुमच्या बराच जवळ होता, तर त्याच्या थोडं आधी टर्टुलियनने मांसाच्या पुनरुत्थानावर लॅटिनमध्ये आख्खा ग्रंथ लिहून ठेवलाय. पण शरीरच नाही, असं ओरिजेनसुद्धा म्हणत नव्हता.

राहिला तुमचा टोमणा, ज्यांची प्रेतं जाळली ते शरीरासकट कसे उठणार? इ.स. १७७मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियोंला छळ करणाऱ्यांनी ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख ऱ्होन नदीत टाकली ती याच हिशोबाने, आता उठा बघू म्हणून. हे सांगणारं तिथल्या ख्रिस्ती लोकांचं पत्र चर्चचा इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवलंय. चर्च काही त्यामुळे डगमगलं नाही, आणि कॅथलिकांना तर १९६३पासून दहनाची परवानगीही आहे.

मूळ पोस्टमधलं 'अगदी तेच शरीर' मात्र आज काढलं. 'तेच, पण बदललेलं' असं केलंय.