"सांगितलं ते लावलं नाही, वर लेक्चर दिलं" या 1 स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब, तुमची तक्रार अशी की दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) काढून नुसती पिस्तुल ग्रिप (पिस्तुलासारखी हाताने धरायची मूठ) मागितली ती दिली नाही, लेझर लावला नाही, उलट टॉर्च आणि आखूड दस्ता बसवून दिला. उत्तर इथेच देतोय, घरासाठी 12 बोर शॉटगन घेणारे बाकीचेही वाचतील म्हणून.

12 बोरचा धक्का खांद्यावर घ्यायचा असतो, दस्ता काढला की तो सगळा मनगटावर येतो आणि नेम राहतो कमरेवरून, अंदाजाने. तुम्ही म्हणालात शॉटगनला नेम कशाला, छर्रे पसरतातच की. पसरतात हो, पण चोक (छर्रे कमी पसरावेत म्हणून नळीचं तोंड अरुंद करणारा भाग) नसलेल्या नळीतून ढोबळ हिशोब धरला तर यार्डाला एक इंच, म्हणजे खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जेमतेम तळहाताएवढे, आणि काही काडतुसांत त्याहून कमी. डबल ऑट बकशॉटच्या, म्हणजे जाड छर्र्यांच्या, एका काडतुसात बहुतेक वेळा 8 नाहीतर 9 छर्रे, एकेक 8 मिलिमीटरहून जाड. चुकलेला छर्रा जिप्समच्या भिंतीतून सरळ आरपार जातो आणि पलीकडे तुमचीच मुलं झोपलेली असतात, मग कमरेवरून मारायची बंदूक मी कशी बनवून देऊ?

दस्त्याचं म्हणाल तर बंदूक वहिनीही वापरणार हे तुम्हीच सांगितलंत. कंपनीचा दस्ता साधारण 14 इंचांचा येतो, लहान चणीच्या माणसाला तो खांद्याला नीट लागतच नाही, पण आखूड दस्ता उंच माणूस चालवून घेतो, म्हणून माप नेहमी घरातल्या सगळ्यात लहान चणीच्या वापरणाऱ्याचं.

लेझर छर्रे कुठे जाणार ते दाखवतो, समोर कोण उभंय ते नाही दाखवत. अंधारात चोर आहे की पाणी प्यायला उठलेला पोरगा हे टॉर्चच सांगतो. आणि हातातला वेगळा टॉर्चही ठेवा, बंदुकीवरचा जिकडे वळेल तिकडे नळी वळते, त्याने घर धुंडाळायचं नाही.

आता ते लेक्चर. बऱ्याच पंप शॉटगनचं (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक) सेफ्टी बटण फक्त ट्रिगर अडवतं, बंदूक जोरात पडली तर गोळी सुटू शकते, म्हणून चेंबर (नळीत काडतूस बसायची जागा) रिकामं आणि बंदूक पटकन उघडणाऱ्या तिजोरीत कुलपात, एवढंच सांगितलं होतं आणि लहान मुलं असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणारच. बाजूला काडतुसांचा होल्डर लावलाय त्याचे स्क्रू घरी अजून आवळू नका प्लीज, जास्त आवळले की रिसीव्हर (बंदुकीचा मधला धातूचा भाग) दाबला जातो आणि पंप अडकतो.

जुना दस्ता परत हवा असेल तर बंदूक रिकामी करून आणा, फुकट बसवून देतो, नुसती पिस्तुल ग्रिप मात्र नाही बसवणार. त्याआधी एक करा, घरातलं सगळ्यात लांब अंतर मोजा, रेंजवर तेवढ्याच अंतरावरून तुमच्याच काडतुसांनी कागदावर मारून बघा आणि तो कागद घेऊन या, चोकचं काय करायचं ते त्यावरून ठरवू.