बारा टक्के, तेही बिनधोक?

चिपळूण-गुहागरकडच्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मथितार्थ असा: मुदत ठेवीत पैसे कुजवू नका, पी-टू-पी ॲपवर लावा (म्हणजे बँकेला मध्ये न घेता ॲपवरून अनोळखी लोकांना थेट कर्ज द्या). व्याज १२ ते १४ टक्के, रिझर्व्ह बँकेची मान्यता, रक्कम शेकडो कर्जदारांत विभागलेली म्हणून बुडायची भीती नाही, आणि हवे तेव्हा पैसे परत. ग्रॅच्युइटी नुकतीच हातात पडलेल्या माणसाला मोह होणारच.

मान्यतेचं आधी बघू, कारण तिथेच लोक गाफील राहतात. २०१७ पासून या कंपन्यांना बँकेतर वित्तसंस्था म्हणून रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी करावी लागते, हे खरं. पण नोंदणी झाली ती कंपनीची, तुमचं मुद्दल काही कुणी नोंदवून घेतलेलं नाही. दिलेलं कर्ज फिटेल याची हमी रिझर्व्ह बँक देत नाही, हे या कंपन्यांना स्वतःच्या संकेतस्थळावर लिहावं लागतं. मेसेजमध्ये तेवढं वाक्य गळलंय. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ ५ लाखांपर्यंत भरपाई देतं, इथे तो आधार नाही. (पतसंस्थेतल्या ठेवीलाही नाही, पण तो वेगळा विषय.) ‘५० लाखांपर्यंत परवानगी आहे’ असंही छातीठोक लिहिलंय. ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. आणि १० लाखांच्या वर जायचं तर आपली निव्वळ मालमत्ता किमान ५० लाख असल्याचा सीएचा दाखला लागतो.

‘हवे तेव्हा काढा’ हे एके काळी काही ॲपवर खरंच चालायचं. कसं? नव्याने आलेल्याचे पैसे जुन्याला देऊन. १६ ऑगस्ट २०२४ ला रिझर्व्ह बँकेने ते बंद केलं. एका सावकाराचे (म्हणजे तुमच्यासारख्या पैसे लावणाऱ्याचे) पैसे दुसऱ्याच्या जागी वापरायचे नाहीत, ठरावीक परताव्याची किंवा केव्हाही पैसे काढण्याची जाहिरात करायची नाही, आणि मुद्दल-व्याजाचं नुकसान झालं तर ते पैसे देणाऱ्याचंच, असं स्पष्ट झालं. म्हणजे मेसेज पाठवणारे काका जे सांगतायत ते सांगायला खुद्द कंपनीलाच बंदी आहे. कर्जाची मुदत ३६ महिन्यांपर्यंत असू शकते. मध्येच ऑपरेशन निघालं तर कर्जदाराचा हप्ता येईपर्यंत वाट बघायची.

आता ‘विभागलेले पैसे बुडत नाहीत’. एका कर्जदाराला एका सावकाराचे जास्तीत जास्त ५० हजारच जातात, त्यामुळे विभागणी होते हे मान्य. एखाददुसरा चुकार निघाला तर ती उपयोगी पडते. सगळ्यांवर एकदमच वेळ आली तर? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा कापडवाला, किराणावाला, मोबाईलवाला सगळे एका रात्रीत बसले. त्या पेठेत शंभर जणांना हजार-हजार दिले असते तर शंभर वेगवेगळ्या टोपल्या एकाच होडीत ठेवल्यासारखंच झालं असतं. देशभर विखुरलेल्या कर्जदारांना पूर नाही गाठणार, पण मंदी आणि नोकरकपात गाठतेच. शिवाय ही कर्जं विनातारण. पतसंस्था निदान जामीनदार घेते, त्याचं घर कुठल्या वाडीत ते वसुलीवाल्याला ठाऊक असतं. तुमच्याकडे असतो ॲपने कर्जदाराला दिलेला स्क्रीनवरचा एक दर्जा, ‘ए’ नाहीतर ‘बी’.

राहिले १४ टक्के. समजा एक लाख रुपये शंभर जणांना वर्षभरासाठी दिले आणि सहा जणांनी छदामही परत केला नाही. उरलेल्या ९४ हजारांवर व्याज १३,१६० रुपये, बुडाले ६,०००. हाती ७,१६० राहिले. पण प्राप्तिकर धरला जातो १३,१६० वर, कारण बुडालेलं मुद्दल त्यातून वजा करायला पगारदार-पेन्शनरांना सहसा वाव नसतो. २० टक्क्यांच्या टप्प्यात २,६३२ गेले. उरले ४,५२८, म्हणजे साडेचार टक्के, आणि कंपनीचं शुल्क अजून धरलेलंच नाही. सात टक्क्यांची मुदत ठेव तोच कर भरून ५,६०० देते. सहाऐवजी दोनच जण बुडाले तर पी-टू-पी पुढे जाईल, नाही असं नाही. किती बुडतात हे मात्र ॲपच्या जाहिरातीत शोधू नका. थकीत कर्जांचं प्रमाण कंपनीला दर महिन्याला संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं, ते उघडून बघा. ते बघून, बुडाले तरी चालतील असे दहा-वीस हजार कुणी लावले तर माझी हरकत नाही. मुलीच्या लग्नाचे नि म्हातारपणाच्या औषधांचे पैसे तिथे नकोत.

मेसेजमधला शेवटचा दावा, ‘परदेशात सगळे हेच करतात’. चीनमध्ये अशा हजारो कंपन्या होत्या, २०२० च्या अखेरीस एकही उरली नाही. ब्रिटनमध्ये हा धंदा २००५ मध्ये ज्या ‘झोपा’ (Zopa) नावाच्या कंपनीने सुरू केला, तिने २०२१ च्या डिसेंबरात सामान्य लोकांसाठीचं पी-टू-पी गुंडाळलं. ती आता बँक आहे आणि लोकांकडून मुदत ठेवी घेते.