पिना कंपनी देते

ट्रॅक्टर घेणाऱ्या माणसाला गावात मान असतो. शोरूमवाले हार घालतात, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटो काढतात, गावात आल्यावर मारुतीसमोर नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. त्याच ट्रॅक्टरला मागं लावायचं अवजार घेणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. त्याच्या हातात पडते ती ट्रान्सपोर्टची पावती, म्हणजे बिल्टी, आणि कानावर पडतं ते "उतरून घ्यायचं तुमचं तुम्ही बघा."

आमचा ट्रॅक्टर 22 एचपीचा, मिनी. मोसंबीच्या फांद्यांखालून वाकून जातो म्हणून घेतला. जालना जिल्ह्यात मोसंबी आहे, मोसंबीत गवत आहे, आणि ते काढायला माणूस नाही. आहे तो माणूस सकाळी दहाला येऊन मोबाईलची बॅटरी कमी आहे म्हणून दुपारी दोनला घरी जातो. तेव्हा फिरत्या पात्यांनी गवतासकट माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर घ्यायचा आणि सोबत माती उकरायला पाच फणी मोगडा, असं घरात ठरलं. घरात ठरलं म्हणजे बायकोनं ठरवलं. अनुदानाची पूर्वसंमती हातात आली (ती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान विसरायचं, हे आमच्याकडं आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे) आणि गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मी आणि आप्पा मोंढ्याच्या रस्त्यावरच्या दुकानात जाऊन बसलो.

आप्पा म्हणजे माझे चुलते. त्यांना सोबत न्यावं लागत नाही, ते येतातच.

"किती एचपी?" शेठनं विचारलं.

"बावीस."

"मग चार फुटी न्या. डोळे झाकून."

"आन् साडेतीन फुटी?"

"साडेतीनबी चांगला. तोबी डोळे झाकून न्या."

त्या दुकानात डोळे उघडे ठेवून घेण्यासारखी एकही वस्तू नव्हती. मी खिशातून टेप काढला. घरून निघताना मागच्या दोन्ही टायरांचं बाहेरून बाहेर माप घेऊन ठेवलं होतं. रोटाव्हेटर त्या मापापेक्षा अरुंद निघाला तर चाकानं दाबलेली पट्टी तशीच राहते, आणि हौसेनं फार रुंद घेतला तर काळ्या जमिनीत 22 एचपीचं इंजिन धाप टाकायला लागतं. मी मोजायला वाकलो तशी आप्पांनी दुकानातल्या बाकी गिऱ्हाइकांकडं बघून माझ्या वतीनं माफी मागितली. "आपल्या बापजाद्यानं कधी टेप लावून वखर घेतला का? पोरगं शिकलंय, चालायचंच."

भावाची गोष्ट लवकर संपवतो. 22 सप्टेंबर 2025 पासून शेती अवजारांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला, हे मी शेठला सांगितलं. शेठला ते माझ्याआधी माहीत होतं. म्हणाले, "सरकारनं कमी केलं, कंपनीनं वाढवलं. तुमचं बरोबर, आमचंबी बरोबर." पक्कं बिल मात्र मिळालं, कारण त्याशिवाय अनुदानाचं पान पुढं सरकत नाही. वर पाडव्याची भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. या सगळ्या व्यवहारात वेळेवर हातात पडलेली ती एकच वस्तू.

निघता निघता मी विचारलं, "शेठ, पिना, शाफ्ट, ऑइल हे सगळं सोबतच येतं ना?" पिना म्हणजे अवजार ट्रॅक्टरला अडकवायच्या लोखंडी खुंट्या, आणि शाफ्ट म्हणजे इंजिनाची फिरकी अवजारापर्यंत नेणारा दांडा.

"पिना कंपनी देते," शेठ म्हणाले.

"शाफ्ट?"

"कंपनी देते."

"लिहून देता का बिलावर?"

शेठला वाईट वाटलं. तीस वर्षांचा धंदा, शब्दावर चाललेला. आप्पांनाही वाईट वाटलं, आणि ते माझ्याकडं बघून नाही, शेठकडं बघून वाटलं. मग मी गप्प बसलो. हा तोंडी व्यवहार या धंद्यात काही आजचा नाही म्हणा. ट्रॅक्टरच्या मागं खाली दोन आणि वर एक अशी जी तीन दांड्यांची जोडणी असते, ती हॅरी फर्ग्युसन नावाच्या उत्तर आयर्लंडच्या माणसानं रूढ केली, आणि 1938 साली हेन्री फोर्डशी त्याचा जो करार झाला तो नुसता हातात हात देऊन. कागद नाही, सही नाही. पुढं दोघांच्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि 1952 साली तडजोड झाली. आमच्या शेठनं तर हातही दिला नव्हता, एका हातात चहा होता आणि दुसऱ्यात फोन.

"पाडव्याला मिळंल?"

"गाडी निघालीय."

गाडी निघालीय हे अवजारवाल्यांचं हवामान खात्यासारखं आहे, अंदाज कायम, पाऊस कधीतरी. माल राजकोटहून यायचा होता. पाडवा झाला. गाडी सुरतला होती. रामनवमीला धुळ्यात होती. मग रोज विचारलं की कन्नडच्या घाटात अडकलीय असं कळायचं. एकदा मी म्हणालो, "शेठ, त्या घाटात तर जड गाड्यांना 2023 पासून बंदी आहे. ट्रक तिथं गेलाच कसा?" शेठ क्षणभर थांबले, आणि त्या एका क्षणात गाडी घाट सोडून मनमाडला गेली. इतक्या वेगानं त्या ट्रकनं संबंध प्रवासात दुसरा पल्ला मारला नसेल.

हनुमान जयंती झाली. गवत गुडघ्याला आलं. शेवटी शेठच म्हणाले, "अक्षय्य तृतीयेला नक्की. तोबी साडेतीन मुहूर्तातलाच आहे की, बिघडलं काय?" उरलेल्या मुहूर्तांपैकी दसरा डोळ्यांसमोर आला आणि मी अक्षय्य तृतीयेला लगेच हो म्हणालो.

त्या दिवशी दुपारी, म्हणजे पुरणपोळी खाऊन माणूस जेव्हा कोणतंही दीडदोनशे किलोचं ओझं उचलायच्या लायकीचा नसतो त्या वेळी, टेम्पो शेताच्या फाट्यावर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरला, लिंबाखाली गेला आणि टॉवेल तोंडावर घेऊन आडवा झाला. "उतरून घ्या, पावतीवर सही करा, मग उठवा," एवढं बोलून.

आता अवजार टेम्पोत, जमीन खाली चार फूट, आणि मधे कुणी नाही. पण मराठवाड्यात माणूस कामाला मिळत नसला तरी बघायला लगेच मिळतो. पाच मिनिटांत फाट्यावर वीसेक मंडळी जमली. एकजण म्हणाला टेम्पो बांधाला मागून लावा आन् फळ्यांवरून घसरवा. दुसरा म्हणाला फळी मोडती, लोखंडी चॅनल पाहिजे. तिसऱ्यानं ट्रॅक्टरच्याच लिफ्टनं उचला असं सुचवलं. त्यावर चौथ्यानं, लिफ्टला जोडायला ते आधी खाली यावं लागतं हे निदर्शनास आणून दिलं, आणि मग त्या दोघांची बांधाची जुनी भांडणं निघाली. आप्पा मधोमध उभे राहून "धरा, धरा" म्हणत होते. अजून कुणी कशाला हात लावला नव्हता.

शेवटी शेजारच्या शिवारात विहिरीचा गाळ काढत असलेला जेसीबी आला. ऑपरेटर मिसरूड न फुटलेला पोरगा, कानात गाणी. त्यानं साखळी मागितली, बकेटच्या दाताला अडकवली, रोटाव्हेटर अलगद उचलला, हवेत एक गिरकी दिली आणि बांधाकडेला असा ठेवला की खालचं गवतही मोडलं नाही. सगळे गप्प झाले. मग आप्पा म्हणाले, "म्या हेच म्हणत व्हतो."

खरा माल पुढं उघडला. रोटाव्हेटरची पाती वेगळ्या पोत्यात होती, नटबोल्ट दुसऱ्या पिशवीत, आणि माहितीपुस्तकात गुजराती. पात्यांत डावी-उजवी असतात हे पोत्याला माहीत नव्हतं. सगळी एकत्र. माझा मुलगा ओट्यावर बसून ती निवडत होता आणि बायको म्हणत होती, "अहो, हे तर धान्यात हरवलेली अंगठी शोधण्यासारखं झालं." गिअरबॉक्स कोरडाठाक. कारखान्यातून बहुतेक तो तेल न भरताच निघतो, आणि 90 नंबरचं ऑइल टाकल्याशिवाय फिरवला की पहिल्याच दिवशी आतली दातं जातात. हे सांगणारा कागद गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूला, जमिनीकडं तोंड करून चिकटवलेला होता.

आणि पिना. कंपनीनं पिना दिल्या होत्या, शेठ खोटं बोलले नव्हते. चकचकीत, ग्रीस लावलेल्या, वर प्लास्टिक गुंडाळलेल्या. पण पिना होत्या 28 मिलिमीटरच्या, आणि आमच्या ट्रॅक्टरच्या खालच्या दांड्यांचं भोक 22 चं. मोठ्या ट्रॅक्टरचं माप आणि मिनीचं माप वेगळं असतं, एवढीच गोष्ट. मी शेठला फोन लावला.

"बसत नाही म्हंजे? जरा ठोकून बघा."

"शेठ, सहा मिलिमीटर आहे. ठोकून किती बसंल?"

"मग बुश टाका."

बारीक पिनेला बुश, म्हणजे वरून लोखंडी नळी, घालून ती जाड करता येते. जाड पिनेला बुश घालून बारीक करता येत नाही. हे मी शेठला तीन प्रकारांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुमचा ट्रॅक्टरच बारीक आहे हो," आणि मला माझ्या ट्रॅक्टरबद्दल उगीच कमीपणा वाटला. मोगडा मात्र सरळ बसला. त्याला शेठनं कसलाही शब्द दिलेला नव्हता.

जालन्यात लेथची दुकानं भरपूर. एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीकडं गेलो, ओळख ना पाळख. त्यानं मान वर न करता विचारलं, "मिनी ट्रॅक्टर का? अठ्ठावीसच्या आल्या ना?" आणि फळीवरून एक डबा काढला. डब्यात एका अंगाला 28 आणि दुसऱ्या अंगाला 22 अशा पायरीच्या पिना आधीच करून ठेवलेल्या. शेठचं दुकान आणि हा डबा यांचं काहीतरी जुनं नातं असावं. मी विचारलं नाही. मिस्त्रीनंच मग शाफ्ट पाहिला. ट्रॅक्टरच्या मागच्या सहा दातांच्या दांड्याला तो बसत होता, पण लांब होता, लिफ्ट वर उचलली की आतला दांडा बाहेरच्या नळीच्या तळाला टेकायचा. असा चालवला तर गिअरबॉक्स तरी फुटतो नाहीतर ट्रॅक्टरचं मागचं सील तरी जातं. मिस्त्रीनं दोन्ही नळ्यांवर खडूची रेघ मारली, दोन्ही सारख्याच कापल्या, कानशीनं कडा घासल्या, ग्रीस लावून आतबाहेर करून दाखवलं. मला बिल सांगितलं आणि म्हणाला, "आता मिनिटाला 540 फेऱ्यात फिरणारी वस्तू आहे ही. सदरा खोसून उभं राहत जा."

या सगळ्या धंद्यात मला समजून सांगणारा माणूस तेवढा तो भेटला.

मोका तपासणीला कृषी विभागाचे साहेब आले, फोन काढला, अक्षांश-रेखांश येणारा फोटो घ्यायचा होता. शेतकरी, ट्रॅक्टर आणि अवजार तिन्ही एका चौकटीत पाहिजेत. मी रोटाव्हेटरला हात लावून उभा राहिलो. फोटो बघितला तर मधोमध आप्पा, पांढरा फेटा, हात कमरेवर. मी उजव्या कडेला, निम्मा. साहेब म्हणाले, "अनुदान यांच्या खात्यात जाईल मग." आप्पा लगेच दोन पावलं बाजूला सरकले.

मग एकदाचा रोटाव्हेटर बागेत उतरला. झाडाखाली खोल घालायचा नाही, मोसंबीच्या तंतुमुळ्या वरच्याच थरात असतात, हे मी आप्पांच्या नातवाला सांगितलं, त्यानं हो म्हटलं, आणि खरंच दोन ओळी अशा काही झाल्या की आप्पासुद्धा खाली वाकून माती हातात घेऊन बघायला लागले. तिसऱ्या ओळीत ठिबकची नळी गुंडाळून खोडाशी ठेवायची राहिली होती. गवतात ती दिसली नाही. रोटाव्हेटरला दिसली. त्यानं ती मीटरांनी गिळली आणि दांड्यावर इतकी घट्ट गुंडाळली की नळीची आणि लोखंडाची वीण झाली. ट्रॅक्टर थांबला. दिवस मावळेपर्यंत मी मोसंबीखाली पालथा पडून करवतीच्या पात्यानं काळे तुकडे सोडवत होतो. आप्पा वरून बॅटरी धरून सांगत होते, "तिकडून ओढ. तिकडून नाही, इकडून."

दुसऱ्या दिवशी ठिबकवाल्याकडं जोड आणायला गेलो.

"कोणत्या साइजचे देऊ? सोळा का वीस?"

मी खिशातून नळीचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला.